एकाच पूलवर अनेकांचे फोन: या चुका टाळा

सकाळी सव्वानऊला अमळनेरच्या एका धान्य व्यापाऱ्याचा फोन आला. "भाऊ, दवाखानाना फोन मना दुकानमा वाजी ऱ्हायना!" धुळ्याच्या एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनला आलेले कॉल त्यांच्या दुकानात वाजत होते. पेशंटचे नातेवाईक डॉक्टरांची वेळ विचारत होते आणि इकडे तुरीचा भाव सांगायला बसलेला माणूस गोंधळून गेला होता. दोघेही आमच्या एकाच सर्व्हर-पूलवरचे ग्राहक, म्हणजे दोघांचे ऑफिसातले फोन इंटरनेटवरून आमच्या त्याच सामायिक सर्व्हरवर चालतात. चूक आमची होती. पंधरा मिनिटांत ती सापडली आणि दुरुस्तही झाली, पण तेवढ्या वेळात कुणाचा तातडीचा कॉल भलतीकडे गेला असेल, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

हे काम करणाऱ्यांसाठी, किंवा करू पाहणाऱ्यांसाठी, हा लेख आहे. मांडणी साधारण अशी असते: समोर एक एसआयपी (इंटरनेटवरून कॉल जोडण्याची पद्धत) प्रॉक्सी, जी कॉल कुठे पाठवायचा ते ठरवते, म्हणजे कामाइलिओ किंवा ओपनसिप्स, मागे आवाज आणि व्हॉइसमेल सांभाळणारे दोन-चार मीडिया सर्व्हर, म्हणजे ॲस्टेरिस्क किंवा फ्रीस्विच, आणि एक डेटाबेस. प्रत्येक ग्राहक हा एक टेनंट. सर्व्हर सगळ्यांचे मिळून, पण नंबर, रेकॉर्डिंग, बिल ज्याचं त्याचं. मी आजवर पाहिलेले बहुतेक बिघाड या 'ज्याचं त्याचं'मध्येच झाले आहेत.

१०१ सगळ्यांनाच हवा असतो

रिसेप्शनला १०१ हे एक्स्टेंशन, म्हणजे अंतर्गत नंबर, द्या, असं जवळजवळ प्रत्येक ग्राहक सांगतो. युजरची ओळख फक्त नंबरावरून होत असेल, तर मागून रजिस्टर झालेला, म्हणजे 'मी इथे आहे' असं सर्व्हरला कळवणारा, १०१ आधीच्या १०१ची जागा घेऊ शकतो. आमच्याकडे त्या सकाळी नेमकं हेच झालं होतं. कामाइलिओमध्ये युजरच्या नोंदी डोमेनसकट ठेवण्याचं सेटिंग मुळात बंद असतं. ते तुम्हाला हातानं चालू करावं लागतं. तेवढ्यानं भागत नाही. फोनमध्ये सर्व्हर म्हणून आयपी पत्ता भरलेला असेल, तर तो फोन कुठल्या टेनंटचा हे प्रॉक्सीला कळायला मार्गच उरत नाही. म्हणून प्रत्येक टेनंटला स्वतंत्र डोमेन द्या आणि फोनमध्ये तेच भरा. ॲस्टेरिस्कमध्ये सगळ्या एंडपॉइंटची, म्हणजे फोनची, नावं एकाच यादीत राहतात, तिथे नावाच्या सुरुवातीलाच टेनंटचा संकेत घाला.

आणि १०१ देऊच नका. तो अग्निशमन दलाचा नंबर आहे. १०० पोलिसांचा, १०२ आणि १०८ रुग्णवाहिकेचे, ११२ सगळ्या तातडीच्या मदतीचा. १०० ते १२० असे एक्स्टेंशन वाटून टाकलेल्या ऑफिसात कुणी घाबरून ११२ फिरवला, तर स्टोअर रूममधला फोन वाजेल. एक्स्टेंशन २०१पासून सुरू करा, ग्राहकाला कारण सांगा. मी सांगितल्यावर आजवर कुणीही हट्ट धरलेला नाही.

एक्स्टेंशन वेगळे केले की काम संपलं असं वाटतं, पण गळती बारीक जागांतून होते. ॲस्टेरिस्कच्या नमुना फाइलमध्ये कॉल पार्क करण्यासाठी, म्हणजे थांबवून ठेवून दुसऱ्या फोनवरून उचलता यावा यासाठी, ७०० आणि पार्क झालेल्या कॉलसाठी ७०१ ते ७२० नंबर असतात. ते तसेच ठेवले तर सगळ्या टेनंटचा पार्किंगचा कप्पा एकच होतो. सराफाच्या दुकानात पार्क केलेला ग्राहक दाळमिलमधला माणूस ७०१ दाबून उचलू शकतो. व्हॉइसमेलचा कॉन्टेक्स्ट (पेट्यांचा गट), पिकअप ग्रुप (एकमेकांचा वाजणारा फोन उचलू शकणाऱ्यांचा गट), कॉन्फरन्सचे रूम नंबर, होल्डवरचं संगीत, सगळ्यांचं असंच. प्रत्येक गोष्टीला टेनंटचं नाव लावा. बाहेर जाणाऱ्या कॉलवर दिसणारा नंबरही तपासा: टेनंटचा नंबर भरायचा राहिला तर कॉल 'डिफॉल्ट' नंबरावरून बाहेर पडतो, आणि तो नंबर दुसऱ्याच ग्राहकाचा असू शकतो. नंबर रिकामा असेल तर कॉल अडवणं बरं. लाइन परवानाधारक ऑपरेटरकडून आणि त्या-त्या ग्राहकाच्याच नावावर घ्या. सर्व्हर सामायिक असले तरी लाइन सामायिक करू नका.

फोन एका सर्व्हरवर, कॉल दुसऱ्यावर

मीडिया सर्व्हर वाढवला की पहिली तक्रार येते: "आमचा फोन चालू आहे, पण कॉल करणाऱ्याला उपलब्ध नाही ऐकू येतं." फोन पहिल्या सर्व्हरवर रजिस्टर आहे, बाहेरून आलेला कॉल दुसऱ्यावर उतरला, आणि दुसऱ्याला त्या फोनचा पत्ताच माहीत नाही. रजिस्ट्रेशन प्रॉक्सीवरच ठेवा आणि प्रत्येक सर्व्हरला फोन शोधायला प्रॉक्सीकडेच पाठवा, हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

कॉन्फरन्स आणि कॉल-क्यू (कॉलची रांग) यांचं दुखणं याहून चिवट. कॉल आळीपाळीनं वाटले तर एकाच कॉन्फरन्सचे दोन जण दोन सर्व्हरवर जातात आणि दोघंही एकटेच 'हॅलो, हॅलो' करत बसतात. म्हणून एका टेनंटचे सगळे कॉल एकाच सर्व्हरवर गेले पाहिजेत. कामाइलिओच्या डिस्पॅचरला, म्हणजे कॉल वाटणाऱ्या भागाला, डोमेनवर हॅश काढून, म्हणजे नावावरून गणितानं एक आकडा काढून, सर्व्हर निवडता येतो आणि बरेच जण तेच करतात. मी करत नाही. एक सर्व्हर यादीतून गळला की हॅशचा हिशेब बदलतो आणि ज्यांचा त्या सर्व्हरशी काही संबंध नव्हता असे टेनंटही जागा बदलतात. त्यापेक्षा डेटाबेसमध्ये साधा तक्ता ठेवा: हा टेनंट, हा त्याचा मुख्य सर्व्हर, हा राखीव. रात्री दोन वाजता झोपेतून उठून बघितलं तरी कोण कुठे आहे ते एका ओळीत कळतं.

राखीव सर्व्हरवर टेनंट हलवला की व्हॉइसमेल गायब झाल्याची तक्रार येते. त्या फाइल जुन्या सर्व्हरच्या डिस्कवरच राहिलेल्या असतात. रेकॉर्डिंग आणि व्हॉइसमेल पहिल्या दिवसापासून सामायिक साठ्यात ठेवा.

सर्व्हर जिवंत आहे की नाही हे प्रॉक्सी 'ऑप्शन्स' संदेश पाठवून विचारते. डिस्क भरलेला, डेटाबेसशी संपर्क तुटलेला सर्व्हरही त्याला खुशाल '२०० ओके', म्हणजे सगळं ठीक, म्हणतो. दर काही मिनिटांनी खरा टेस्ट कॉल लावून आवाज परत येतो का, हे बघणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. एक दुपार लागते.

बत्तीस सेकंद आणि पंधरा मिनिटं

कॉल तुटतो अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न विचारतो: किती वेळानं? उत्तरात निम्मं निदान असतं.

दर वेळी साधारण ३२ सेकंदांनी तुटत असेल, तर 'अ‍ॅक' पोहोचत नाही. एसआयपीत फोन उचलल्यावर '२०० ओके' जातो आणि समोरून 'अ‍ॅक' यावा लागतो. तो येईपर्यंत ओके पुन्हा-पुन्हा पाठवला जातो. अर्ध्या सेकंदाच्या मूळ टायमरच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंदांनंतर सर्व्हर नाद सोडतो आणि कॉल कापतो. पूलमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे प्रॉक्सीनं किंवा मीडिया सर्व्हरनं संदेशात आपला खाजगी आयपी लिहून पाठवलेला असतो. बाहेरचा फोन त्या पत्त्यावर उत्तर पाठवतो आणि ते कुठेच पोहोचत नाही.

बरोबर पंधरा मिनिटांनी तुटत असेल, तर सेशन टायमर बघा. १८०० सेकंदांची मुदत बऱ्याच ठिकाणी ठरलेली असते आणि निम्म्या वेळाला, ९०० सेकंदांवर, कॉलचं नूतनीकरण होतं. प्रॉक्सी त्या संदेशाला नवा कॉल समजून दुसऱ्याच सर्व्हरकडे पाठवते, तो सर्व्हर '४८१' म्हणतो, म्हणजे असा कॉल मला माहीत नाही, आणि चालू बोलणं तुटतं. चालू कॉलमधले संदेश पुन्हा वाटपाला टाकायचे नाहीत. ते आधी ठरलेल्या वाटेनंच गेले पाहिजेत. ट्रेसमध्ये, म्हणजे संदेशांच्या नोंदीत, ४८१ दिसला की मी राउटिंगचा तोच भाग उघडतो.

तिसरा प्रकार: दर तिसरा कॉल मुका, बाकीचे ठीक. सर्व्हर तीन असतील आणि कॉल आळीपाळीनं वाटले जात असतील तर ग्राहकाच्या राउटरकडे जाऊच नका. नव्या सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये आरटीपीचे, म्हणजे आवाजाच्या पॅकेटांचे, पोर्ट उघडायचे राहिलेत. ॲस्टेरिस्कमध्ये ते साधारण १०००० ते २०००० असतात.

राउटरचा दोष असतो तेव्हा लक्षणं वेगळी दिसतात. फोनवरून कॉल जातो, पण थोडा वेळ फोन शांत राहिला की येणारे कॉल वाजत नाहीत. राउटर युडीपीची (फोनचे संदेश ज्या पद्धतीनं जातात तिची) नोंद मिनिटा-दोन मिनिटांत, कधी ३० सेकंदांतच विसरतो आणि फोनचं रजिस्ट्रेशन तासाभराचं असतं. २५ सेकंदांचा कीप-अलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवणारा छोटा संदेश, लावा. राउटरमधलं एसआयपी एएलजी बंद करा. मदतीच्या नावाखाली ते संदेशातले पत्ते बदलून टाकतं.

एका फोनच्या चुकीनं तीन दुकानं बंद

हा प्रसंग चोपड्याचा. एका कृषी सेवा केंद्रानं जुना फोन कपाटातून काढून लावला, त्यात जुना पासवर्ड होता. फोन दर काही सेकंदांनी चुकीचा पासवर्ड पाठवत राहिला. आमच्या फेलटूबॅननं, म्हणजे वारंवार चुकणाऱ्या आयपीला अडवणाऱ्या प्रोग्रॅमनं, नियमाप्रमाणे तो आयपी बंद केला. पण त्या आयपीमागे दुकानातले सगळे फोन होते. शिवाय तिथली फायबर लाइन अशी की एकाच सार्वजनिक आयपीमागे आणखी दोन ग्राहक होते, तेही आमचेच. जूनचा पहिला आठवडा, बियाण्यांची घाई, आणि तीन दुकानांचे फोन एकदम बंद.

म्हणून पूलवर फक्त आयपी बघून बंदी घालू नका. ज्या आयपीवरून खरे रजिस्टर झालेले फोन चालू आहेत तिथे फक्त तो चुकणारा युजर अडवा. अनोळखी आयपीवरून धडका येत असतील तर खुशाल पूर्ण बंदी घाला, कारण एसआयपीचा ५०६० पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवला की चाचपणी करणारे प्रोग्रॅम हजर होतातच.

याच जातीचा आणखी एक प्रकार वीज आल्यावर होतो. उन्हाळ्यात एमआयडीसीतली वीज गेली आणि परत आली की तिथले सगळे फोन एकाच मिनिटात चालू होऊन एकदम रजिस्टर व्हायला धावतात. प्रत्येक रजिस्ट्रेशनला डेटाबेसमध्ये पासवर्ड शोधावा लागतो. डेटाबेस मागे पडतो, फोन उत्तर न मिळाल्यानं पुन्हा पाठवतात, रांग आणखी वाढते. पासवर्डची माहिती प्रॉक्सीच्या मेमरीत ठेवा, रजिस्ट्रेशनची मुदत प्रत्येक फोनला थोडी वेगळी द्या आणि ग्राहकाला फोनच्या स्विचला व राउटरला छोटा यूपीएस घ्यायला लावा. सर्व्हर मात्र जळगावातल्या ऑफिसच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो; एसी बंद पडला की काय होतं ते मी पाहिलं आहे.

अक्षय तृतीयेचा हिशेब

पूल परवडतो तो एरलँगच्या गणितामुळे. एक चॅनेल, म्हणजे सर्व्हरवरची एका वेळच्या एका कॉलची जागा, तासभर सतत व्यापलेला म्हणजे एक एरलँग. शंभरात एक कॉल अडला तर चालेल असं धरलं, तर ५ चॅनेलवर साधारण १.३६ एरलँग बसतात. सहा टेनंटना मीडिया सर्व्हरवर असे पाच-पाच चॅनेल वेगळे राखले तर ३० चॅनेलवर मिळून ८च्या आसपास. तेच ३० चॅनेल सगळ्यांना खुले ठेवले तर २० एरलँग बसतात. अडीचपट.

पण हे गणित गृहीत धरतं की सगळे एकाच वेळी बोलणार नाहीत. खानदेशात ते गृहीतक वर्षातले काही दिवस मोडतं. आखाजी (अक्षय तृतीया), धनत्रयोदशी, गुरुपुष्यामृत या दिवशी सराफांचे फोन सकाळपासून थांबत नाहीत. तुमच्या पूलवर चार सराफ असतील तर क्षमतेच्या हिशेबात त्यांना चार वेगळे ग्राहक धरू नका. त्यांची गर्दी एकत्रच येणार. सावदा-रावेरच्या केळी व्यापाऱ्यांचंही तसंच, भाव फुटला की सगळे एकदम फोनवर. म्हणून प्रत्येक टेनंटला कमाल मर्यादा घाला आणि हॉस्पिटलसाठी काही चॅनेल कायम राखून ठेवा. मर्यादा ओलांडली तर येणाऱ्या कॉलला '४८६ बिझी' उत्तर द्या, '५०३', म्हणजे सेवा उपलब्ध नाही, नको. ५०३ बघून ऑपरेटरची यंत्रणा तुमचा अख्खा पत्ताच बंद पडलाय असं समजू शकते.

जी.७११ कोडेकमध्ये (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीत) एका दिशेला सेकंदाला ५० पॅकेट जातात, सुमारे ८० किलोबिट. २०० कॉल चालू असतील तर दोन्ही बाजू धरून सर्व्हरला सेकंदाला २०,००० पॅकेट घ्यावी आणि तितकीच पाठवावी लागतात. भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर आधी पॅकेटांच्या संख्येनं दमतो. बँडविड्थ तेव्हा शिल्लकच असते. सर्व्हरला चालू कॉलमध्ये एका कोडेकचं दुसऱ्यात रूपांतर करायला लावू नका. जी.७११च्या दोन प्रकारांपैकी भारतात ए-लॉ वापरतात, पण बऱ्याच फोनच्या यादीत म्यु-लॉ पहिला असतो. तो क्रम बदला. आणि दोन सर्व्हर प्रत्येकी ७० टक्के भरलेले असतील, तर एक पडला की दुसराही पडणार. एक गेल्यावर उरलेल्यांवर सगळं मावलं पाहिजे.

रात्रीचे परदेशी कॉल, आणि बिलं

आयएसडी मुळात बंद ठेवा. ज्याला हवं त्यानं लेखी मागावं, देशांची यादी द्यावी, रोजची रकमेची मर्यादा ठरवावी. कमकुवत पासवर्डचा एक फोन शनिवारी रात्री हाती लागला तर सोमवार सकाळपर्यंत त्या ग्राहकाचं कंबरडं मोडेल एवढं बिल होऊ शकतं. पासवर्ड यंत्रानंच तयार करावा, एक्स्टेंशनचाच नंबर पासवर्ड म्हणून कधीही नको.

बिलाची आणखी एक खोच. ॲस्टेरिस्क प्रत्येक कॉलला वेळेवरून एक क्रमांक देतं. दोन सर्व्हर एकाच डेटाबेसमध्ये नोंदी टाकत असतील तर दोन कॉलना तोच क्रमांक मिळू शकतो. प्रत्येक सर्व्हरला त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये सिस्टिमचं नाव द्या, म्हणजे ते क्रमांकाच्या सुरुवातीला लागतं. सर्व्हरची घड्याळं एनटीपीनं, म्हणजे नेटवर्कवरून वेळ घेऊन, जुळवा. नोंदी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवल्या तरी चालतील, पण ऑफिसच्या वेळेचे नियम भारतीय वेळेनंच चालले पाहिजेत. नाहीतर सकाळी दहाला उघडणारं दुकान फोनवर दुपारी साडेतीनला उघडतं.

अपडेट करताना सगळे सर्व्हर एकदम हातात घेऊ नका. एकाला नवे कॉल देणं थांबवा, चालू बोलणी संपू द्या, मग बदल करा. परत जोडल्यावर लगेच त्या सर्व्हरवरच्या प्रत्येक टेनंटच्या मुख्य नंबरावर स्वतःच्या मोबाइलवरून एकेक कॉल लावा आणि उचलणाऱ्याला विचारा, "कोण बोलतंय?" आमच्या यादीत पहिला नंबर धुळ्याच्या त्या हॉस्पिटलचा असतो.