रोप घेण्याआधी विचारा, ‘तोडणी कधी?’

मृग जवळ आला की रोपांच्या जाहिराती सुरू होतात, आणि त्यांच्या जोडीला मोबाइलवरच्या गमती. “आमच्याकडे चांदणफळाची तोडणी सुरू. शिडी नको, झेला नको, पौर्णिमेला फळं आपणहून करंडीत उतरतात!” असं कुणी फोटोसह टाकलं की हसू येतं, आणि यावंच. पण चार गट फिरेपर्यंत गंमत गळून जाते, फोटो तेवढा उरतो. मग कुणीतरी कळकळीनं विचारतं, “रोप कितीला?”

विचारणाऱ्याला हसू नका. 1 एप्रिल 1957 रोजी बीबीसीनं गंमत म्हणून स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात झाडावरून स्पॅगेटी, म्हणजे शेवयांसारखा पदार्थ, उतरवणारं कुटुंब दाखवलं. पिठाचा पदार्थ तो, तरी झाड कसं लावायचं हे विचारायला लोकांनी फोन केले. हिवाळा सौम्य गेला, कीड हटली, म्हणून पीक भरघोस आलं, असं त्यात सांगितलं होतं. बोली शेतकऱ्याची असली की भरवसा बसतो. म्हणून गंमत करा, पण ती गंमत आहे हे त्याच पोस्टमध्ये लिहा.

गमतीपेक्षा वाईट म्हणजे असाच फोटो दाखवून माल विकणं. निळ्या स्ट्रॉबेरीचं बी ऑनलाइन विकलं जातं. अशी स्ट्रॉबेरी नाही. फोटोचा रंग बदललेला असतो. शिवाय महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीची लागवड बियांनी नाही, रोपांनीच होते. महागडा म्हणून गाजलेला मियाझाकी आंबा मात्र खरा आहे. जपानात तो हरितगृहात वाढवतात, फळाला जाळी बांधतात, पिकून जाळीत पडलेलंच फळ घेतात. त्यातही वजन आणि गोडीला उतरलेल्यालाच तो गाजलेला भाव मिळतो. जात ‘आयर्विन’. रोप विकत मिळेल, भाव नाही.

तेव्हा विकणाऱ्याला विचारा: बहार कधी, फुलापासून तोडणीला किती दिवस, माल कुठल्या बाजारात जातो? ड्रॅगन फ्रूट दिसायला विचित्र, पण त्याची उत्तरं चोख मिळतात. फूल रात्री उमलतं, महिनाभरानं फळ रंगावर येतं, पावसाळ्यात तोडे चालतात. “बारमाही, कुठल्याही जमिनीत, पहिल्याच वर्षी” असं उत्तर आलं तर पैसे देऊ नका. शक्य असेल तर तोडणीच्या वेळी बागेत जा, क्रेट भरताना बघा, बागायतदाराकडून बाजारातल्या विक्रीच्या हिशेबाची पट्टी मागून वाचा.

कलम घेताना जोड हातात धरून बघा. तो एकजीव हवा, वरची फूट जोमदार हवी, पिशवीतली मुळं गुंडाळलेली नकोत. लावल्यावर जोडाची प्लॅस्टिक पट्टी आवळत असेल तर ब्लेडनं अलगद कापा, आणि जोडाखालची फूट दिसली की लगेच काढा. ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या रोपाची असते. राहिली तर कलम दबतं आणि हाती येतं ते रायवळ. ही फूट पहिली दोन वर्षं दर पंधरवड्याला बघाच.

महाराष्ट्रात फळरोपवाटिकेला परवाना लागतो, कायदा 1969 चा आहे. परवाना क्रमांक आणि जातीचं नाव असलेलं पक्कं बिल घ्या, रोपाची चिठ्ठी जपा. फसवणूक झालीच तर हे कागद आणि जाहिरातीचा फोटो घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.