टायलिंग विंडो मॅनेजरमध्ये फ्लोटिंग विंडो कशा सांभाळाव्यात

टायलिंग विंडो मॅनेजर म्हणजे स्क्रीनवरच्या विंडो शेजारी-शेजारी चौकटीत (टाइलमध्ये) बसवणारा प्रोग्राम. त्यात विंडो उघडली की तिची जागा आपोआप ठरते, माऊसने सरकवासरकव करावी लागत नाही. टायलिंगची सवय लागते ती याचसाठी. पण सगळ्याच विंडो चौकटीत बसवण्यासारख्या नसतात. आवाज कमी-जास्त करायची छोटीशी विंडो उघडली आणि तिच्यापायी शेजारचा एडिटर निम्मा आक्रसला, की कामाची लय मोडते. पासवर्ड विचारणारी पेटी, कॅल्क्युलेटर, फाइल निवडायची विंडो यांचं काम अर्ध्या मिनिटाचं असतं. त्यांनी बाकीची मांडणी न हलवता वर तरंगावं आणि काम झालं की निघून जावं.

खालचे बहुतेक शॉर्टकट आयथ्री या लिनक्सवरच्या टायलिंग विंडो मॅनेजरच्या मूळ कॉन्फिगमधले, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या फाइलमधले आहेत. वेलँड या नव्या डिस्प्ले प्रणालीवर चालणारा स्वे हा विंडो मॅनेजर आयथ्रीशी सुसंगत असल्यामुळे तिथेही बहुतेक सगळं तसंच चालतं. मॉड म्हणजे तुम्ही निवडलेली सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली) किंवा ऑल्ट की. आज्ञांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, कॉन्फिग फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

आधी हाताने

समोरची विंडो तरंगती करायला मॉड, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबा. तेच पुन्हा दाबलं की ती टाइलमध्ये परत जाते. मॉड धरून डाव्या बटणाने ओढली की विंडो सरकते, उजव्या बटणाने ओढली की लहान-मोठी होते. त्यासाठी टायटल बार पकडायची गरज नाही, विंडोत कुठेही पकडा. माऊस नको असेल तर मॉड, शिफ्ट आणि बाण वापरा. एका दाबाला विंडो 10 पिक्सेल सरकते.

नवखे लोक अडतात ते फोकसवर, म्हणजे कीबोर्ड त्या क्षणी कुठल्या विंडोला लागू आहे यावर. तरंगत्या विंडोत असताना बाणांनी फोकस हलवायला गेलात, तर तो त्याच वर्कस्पेसमधल्या (म्हणजे त्याच आभासी डेस्कटॉपवरच्या) खालच्या टाइलवर उतरत नाही. आयथ्री टाइल केलेल्या आणि तरंगत्या विंडो हे दोन वेगळे थर मानतो, आणि एका थरातून दुसऱ्यात जायला मॉड आणि स्पेस ही स्वतंत्र जोडी आहे. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी ही जोडी बोटांत बसवाच.

मग नियम लिहा

तीच विंडो रोज हाताने तरंगती करत असाल, तर ते काम कॉन्फिगकडे सोपवा. खरं तर डायलॉग, स्प्लॅश स्क्रीन आणि आकार न बदलणाऱ्या विंडो आयथ्री स्वतःच तरंगत्या ठेवतो. म्हणून आधी आठवडाभर नुसतं बघा आणि खरोखर त्रास देणाऱ्या चार-पाच विंडोंपुरतेच नियम करा. माझ्या मते तरंगत्या विंडो जितक्या कमी, तितकं टायलिंग सुखाचं.

पहिलं काम म्हणजे विंडोची ओळख शोधणं. टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप हे विंडोची माहिती दाखवणारं साधन चालवा आणि हव्या त्या विंडोवर क्लिक करा. येणाऱ्या मजकुरात डब्ल्यूएम_क्लास अशी ओळ असते आणि तिच्यात अवतरणचिन्हांत दोन नावं असतात. पहिलं नाव इन्स्टन्स, दुसरं क्लास. नियमात शक्यतो क्लास वापरा. स्वेमध्ये मूळ वेलँड विंडोला क्लास नसतो, तिथे ॲप_आयडी बघावा लागतो. तो स्वेमेसेज या स्वेच्या आज्ञेला गेट_ट्री, म्हणजे उघड्या विंडोंची यादी, मागितलं की मिळतो.

आता कॉन्फिगमध्ये फॉर_विंडो ही आज्ञा लिहा, चौकटी कंसात क्लास द्या आणि पुढे फ्लोटिंग एनेबल. त्याच ओळीत आकार आणि जागाही ठरवता येते: आधी रिसाइझ सेट, मग मूव्ह पोझिशन सेंटर. हा क्रम उलटा झाला तर विंडो जुन्या आकाराने मध्यभागी येते आणि मग आकार बदलल्यावर एका बाजूला कललेली दिसते.

या आज्ञांच्या मध्ये स्वल्पविराम द्या, अर्धविराम नको. स्वल्पविरामानंतरही कंसातली अट लागू राहते, अर्धविरामाने ती तुटते. मग पुढची आज्ञा त्या क्षणी फोकसमध्ये असेल त्या विंडोवर चालते आणि भलतीच विंडो हलते. चूक एका चिन्हाची असते, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही.

शीर्षकावरून नियम करताना आणखी जपा. अट रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणून, म्हणजे मजकूर शोधायचा नमुना म्हणून वाचली जाते, त्यामुळे दिलेला शब्द शीर्षकात कुठेही सापडला तरी ती जुळते. शीर्षक बदललं की नियम पुन्हा तपासले जातात. म्हणजे ‘सेटिंग्ज’ असा मोघम नियम असेल आणि ब्राउझरमध्ये तो शब्द असलेलं पान उघडलंत, तर अख्खा ब्राउझर टाइलमधून निघून तरंगायला लागेल. सुरुवातीला ^ आणि शेवटी $ लावा, म्हणजे पूर्ण शीर्षक जुळलं तरच नियम लागेल, जोडीला क्लासही द्या.

नियम लिहून झाले की मॉड, शिफ्ट आणि सी दाबून कॉन्फिग पुन्हा वाचायला लावा. आयथ्रीमध्ये आधीच उघड्या असलेल्या विंडोवर नवा नियम लगेच लागत नाही, ती बंद करून पुन्हा उघडा.

स्क्रॅचपॅड आणि स्टिकी

काही विंडो सतत लागतात, पण सतत दिसायला नको असतात. नोंदींचा टर्मिनल घ्या. मॉड, शिफ्ट आणि वजाचं चिन्ह दाबलं की तो स्क्रॅचपॅडमध्ये, म्हणजे विंडो लपवून ठेवायच्या अदृश्य जागेत लपतो. मॉड आणि वजा दाबलं की कुठल्याही वर्कस्पेसवर समोर येतो, पुन्हा दाबलं की जातो. आत बऱ्याच विंडो साठल्या तर त्या पाळीपाळीने येतात आणि हवी ती गाठायला वेळ लागतो. अशा वेळी क्लासची अट लावून स्क्रॅचपॅड शोची वेगळी की बांधा. कायमची बाहेर काढायची असेल तर समोर आणून मॉड, शिफ्ट, स्पेस दाबा, ती पुन्हा टाइल होते.

फायरफॉक्समधला छोटा तरंगता व्हिडिओ वर्कस्पेस बदलला की मागेच राहतो. त्याच्या नियमात स्टिकी एनेबल जोडलंत, तर त्या मॉनिटरवरच्या प्रत्येक वर्कस्पेसवर तो सोबत येईल.

आणि जास्तीचा मॉनिटर काढल्यावर एखादी तरंगती विंडो कडेबाहेर गेलेली वाटली, तर मॉड आणि स्पेसने फोकस तिच्यावर न्या आणि मूव्ह पोझिशन सेंटर चालवा. या आज्ञेला एखादी की आधीच बांधून ठेवा, कारण विंडो दिसत नसते तेव्हा माऊसचा काहीच उपयोग होत नाही.