कोकणातल्या लग्नघरी आयरिश ‘स्ट्रॉबॉइज’ आणायचे असतील तर

आयरिश घराण्याशी सोयरीक जुळली की त्यांची एखादी प्रथा आपल्या मांडवात असावी, असे दोन्हीकडच्यांना वाटते. बहुतेक जण क्लाडा अंगठीवर थांबतात. गॉलवेलगतच्या मासेमारांच्या वस्तीचे नाव मिरवणारी ती अंगठी सुंदरच आहे, पण ती विकत मिळते. मेयो, स्लायगो, क्लेअर या पश्चिमेकडच्या परगण्यांत लग्नाच्या रात्री पेंढ्याचे उंच टोप घालून, तोंड झाकून येणारे स्ट्रॉबॉइज मात्र वाडीने मिळूनच उभे करावे लागतात, आणि शिमग्यातला उंच टोपीचा संकासुर पाहत वाढलेल्या माणसांना ते मुळीच परके वाटणार नाहीत.

टोपासाठी हाताने झोडलेल्या भाताचा लांब, न मोडलेला पेंढा घ्यावा. यंत्रातून चुरगळून निघालेला चालत नाही. आदल्या रात्री त्यावर पाणी शिंपडून तो गोणपाटात गुंडाळून ठेवला, तर वळताना तुटत नाही. डोक्याच्या मापाच्या तीन पदरी वेणीचे कडे करावे, त्यावर मूठमूठ पेंढा काथ्याने उभा बांधत जावा आणि वरची टोके आवळून शेंडा काढावा. खालच्या काड्या खांद्यापर्यंत मोकळ्या सोडाव्यात, म्हणजे चेहरा झाकला जातो आणि फटींतून दिसतेही. भाताचा पेंढा मऊ असल्यामुळे आत बांबूच्या चार कामट्या घालणे बरे.

हे पाहुणे आमंत्रणावाचून येतात व त्यांच्या येण्याने जोडप्याचे भले होते, अशी तिकडची श्रद्धा आहे. म्होरक्या प्रथम नवरीबरोबर नाचतो, मग बाकीचे वऱ्हाडात मिसळतात. म्हणून नवरीची आणि घरच्या वडीलधाऱ्यांची संमती आधीच घ्यावी, मात्र टोपाखाली कोण आहे हे त्यांनाही सांगू नये. विधी आटोपून रात्रीच्या पंगती उठल्या की त्यांना अंगणात घ्यावे. जिग ही आयरिश नाचाची धून बहुधा सहाच्या लयीत चालते, त्यामुळे फिडल म्हणजे व्हायोलिन सुरू होताच ढोलकीवाल्याने सहा मात्रांचा दादरा धरला की नाच जमतो.

होमकुंड, समया आणि फटाके यांच्याजवळ त्यांना फिरकू देऊ नये. वाळल्या पेंढ्याला ठिणगीही पुरते. नाच संपल्यावर त्यांच्या हाती कोकम सरबत आणि लाडू द्यावेत व टोप न उतरवताच त्यांना जाऊ द्यावे. दुसऱ्या दिवशी काथ्या सोडवून पेंढा गोठ्यात घालता येतो.