पडदा काळा, पण चित्र जागेवर

निपाणीत घरच्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू (लिनक्सवर चालणारी संगणक प्रणाली) बसवल्यावर लोगो दिसे आणि लॉगिनच्या वेळी पडदा काळा पडे. बेळगावला नेऊन पॅनेल, म्हणजे पडद्याची काच, बदलण्याआधी मी टॉर्चचा झोत पडद्यावर तिरपा टाकला, तेव्हा पासवर्डची चौकट पुसटशी दिसली. म्हणजे चित्र उमटत होते, मागचा प्रकाश तेवढा विझलेला होता. ही परीक्षा फुकटात होते. मग ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना प्रणाली चालू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत 'ई' दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'एसीपीआय_बॅकलाइट=व्हेंडर' (अर्थात रोमन लिपीत) ही मागच्या प्रकाशाचा ताबा लॅपटॉपच्या कंपनीच्या ड्रायव्हरकडे देणारी सूचना लिहिली आणि एफ१० दाबताच प्रकाश आला. हा बदल एका वेळेपुरताच टिकत असल्याने तोच मजकूर ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये 'क्वायट स्प्लॅश' या शब्दांपुढे घालून टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-ग्रब' ही आज्ञा चालवली. झोतातही काही दिसत नसेल, तर आधी त्याच ओळीत 'नोमोडसेट' (ग्राफिक्सची साधी पद्धत वापरायला लावणारी सूचना) लावून पाहावे.