मोफत कॉमिक वाटण्याआधी दुसऱ्या प्रतीची सोय करावी

१९३३ साली अमेरिकेतील ईस्टर्न कलर प्रिंटिंग या छापखान्याने वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतील रंगीत चित्रमालिका एकत्र करून ‘फनीज ऑन परेड’ ही पुस्तिका छापली. ती विक्रीसाठी नव्हती. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने ती आपल्या मालावरील कुपने पाठवणाऱ्या ग्राहकांना भेट म्हणून दिली. पुढच्याच वर्षी त्या छापखान्याचे ‘फेमस फनीज’ दहा सेंट किमतीला विक्रीस आले आणि लोकांनी ते पैसे मोजून घेतले. आज आपण कॉमिक म्हणून जी पातळ, मधोमध पिन मारलेली पुस्तिका ओळखतो, ती लोकांच्या हाती प्रथम पडली ती अशी भेटवस्तू म्हणूनच. मोफत प्रतीतून वाचक मिळू शकतो, हे त्यामुळे नव्याने सिद्ध करण्याची गरज नाही. ते कसे करावे, कोणाच्या खर्चाने करावे आणि कोणत्या चुका टाळाव्यात, एवढेच येथे मांडायचे आहे. लहान प्रकाशक, स्वतःचे कॉमिक स्वतः छापणारे चित्रकार, पुस्तकांचे दुकानदार आणि गावोगावची वाचनालये यांना ते उपयोगी पडावे, असा हेतू आहे.

या कामाचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे अमेरिकेत सुरू झालेला ‘फ्री कॉमिक बुक डे’, म्हणजे दुकानांतून मोफत कॉमिक वाटण्याचा दिवस. कॅलिफोर्नियातील कॉनकॉर्ड या गावी कॉमिक्सचे दुकान चालवणाऱ्या जो फील्ड यांनी २००१ मध्ये ही कल्पना मांडली. बास्किन रॉबिन्सच्या दुकानापुढे मोफत आइस्क्रीमच्या दिवशी लागलेली रांग पाहून, कॉमिक्ससाठी अशी रांग का लागू नये, असे त्यांना वाटले. पहिला दिवस ४ मे २००२ रोजी साजरा झाला आणि त्याच्या आदल्याच दिवशी ‘स्पायडर-मॅन’ हा चित्रपट प्रदर्शित झाला होता. चित्रपटगृहातून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाच्या मनात त्या पात्राविषयी उत्सुकता असतानाच त्याला दुकानाचे दार दाखवायचे, हा त्यामागचा विचार होता. स्पायडर-मॅनची प्रकाशक कंपनी मार्व्हल हिने त्या दिवशी ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’चा पहिला अंक पुन्हा छापून दिला. ही निवड फार विचारपूर्वक केलेली होती, असे मला वाटते. कारण ती मालिका २००० साली अगदी आरंभापासून नव्याने सांगायला घेतली होती आणि चाळीस वर्षांचा मागचा इतिहास ठाऊक नसलेल्या माणसालाही ती पहिल्या पानापासून समजत होती.

या उपक्रमातील एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. त्या दिवशीच्या प्रती वाचकाला मोफत मिळतात, दुकानदाराला नाही. दुकानदार त्या अल्प दराने विकत घेतो आणि वाहतुकीचा भारही सोसतो. खर्च कोणी तरी उचलतोच, म्हणून तो कोण उचलणार आणि त्याच्या हाती बदल्यात काय येणार, हे आरंभीच कागदावर लिहून ठेवावे.

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागाचे काम मी पाहते. पहिल्या वर्षी आम्ही प्रवेशद्वाराशी टेबल मांडून त्यावर प्रतींचा गठ्ठा ठेवला आणि ‘मोफत’ असा फलक लावला. दीड तासात टेबल रिकामे झाले व आम्हाला फार समाधान वाटले. पुढच्या आठवड्यात सहा-सात मुले ‘याच्या पुढची गोष्ट आहे का?’ असे विचारत आली, तेव्हा आमच्या कपाटात त्या मालिकेचे एकही पुस्तक नव्हते. ती मुले पुन्हा आली नाहीत. वाचक त्या दिवशी आमच्या दारापर्यंत आला होता आणि आम्हीच त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले, याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून आम्ही नियोजन उलट्या दिशेने करतो. मोफत प्रत आवडलेल्या मुलाला दुसरी प्रत, म्हणजे त्याच मालिकेचे पुढचे पुस्तक, कोठे, किती रुपयांत आणि किती दिवसांत मिळेल, हे ठरल्याशिवाय पहिली प्रत छापायला किंवा मागवायला घ्यायची नाही. दुकानदाराने त्या मालिकेचे पुढील भाग आधी मांडणीवर लावावेत, वाचनालयाने ते आधी दाखल करून घ्यावेत, आणि ज्या चित्रकाराचे दुसरे पुस्तक अजून तयारच नाही त्याने वाटपाचा मोह आवरून आधी ते पूर्ण करावे.

कोणती गोष्ट द्यावी

मोफत प्रतीत एक गोष्ट पूर्ण व्हावी. मोठ्या कथेची पहिली आठ पाने देऊन ऐन रंगात ‘पुढे काय झाले ते पुस्तकात वाचा’ असे छापणे हे चतुराईचे वाटते, परंतु ज्याने आयुष्यात पहिल्यांदा कॉमिक हाती घेतले आहे त्याला ती भेट न वाटता जाहिरात वाटते. त्याऐवजी त्याच पात्रांची एक छोटी, स्वयंपूर्ण गोष्ट लिहावी, जिच्या शेवटी कथा संपते पण पात्रे मनात राहतात. नवी गोष्ट रचण्याची सवड नसेल, तर मालिकेतील जुन्या भागांपैकी आधीचे काहीही न वाचता समजेल असा भाग निवडावा. तो समजतो की नाही, हे लेखकाने स्वतः ठरवू नये. मालिका न वाचलेल्या दोन-तीन मुलांना तो वाचायला द्यावा आणि ती कोणत्या चौकटीवर थांबतात, कोठे मागे जाऊन पुन्हा पाहतात, हे शेजारी बसून शांतपणे न्याहाळावे.

अक्षरांकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार येत असल्यामुळे रोमन लिपीपेक्षा ओळींमध्ये अधिक मोकळी जागा लागते. इंग्रजी संवादांच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी वाक्य कोंबले, की अक्षर बारीक होते आणि नुकतेच वाचायला शिकलेले मूल नुसती चित्रे पाहून पान उलटते. फुगा मोठा करावा किंवा वाक्य लहान करावे. अक्षर लहान करू नये. संवाद बोली वळणाचे असावेत. मराठी कॉमिक हाती घेणाऱ्या मुलाला त्यातील पात्रे आपल्या घरच्यासारखी बोलतात असे जाणवले, तर निम्मे काम तेथेच झाले.

दुसऱ्याचे कॉमिक स्कॅन करून किंवा झेरॉक्स काढून वाटणे पूर्णपणे वर्ज्य समजावे, मग ते कितीही जुने आणि बाजारात न मिळणारे का असेना. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हक्क टिकतात. प्रकाशकाला पत्र लिहून परवानगी मागितल्यास किंवा न खपलेल्या अंकांचा गठ्ठा सवलतीत मागितल्यास तो मिळण्याचा संभव असतो. विचारण्यात कमीपणा नाही.

छपाई आणि हिशेब

स्वतः छापणाऱ्याने सोळा पानांचा एक फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पाने) आणि वर चार पानांचे कव्हर एवढ्यातच काम बसवावे. पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात आणि सोळा पाने एका फर्म्यात बसत असल्यामुळे कागद वाया जात नाही. ऑफसेटवर प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींना जेवढा तेवढाच हजार प्रतींना येतो, त्यामुळे प्रती कमी असतील तर डिजिटल छपाईचा दरही विचारून पाहावा. आतील पाने काळी-पांढरी आणि कव्हर रंगीत ठेवल्यास मोठी बचत होते. रेखाटन दमदार असेल तर मुले रंगांवाचून अडत नाहीत.

हिशेब वाटलेल्या प्रतींचा न मांडता परत आलेल्या वाचकांचा मांडावा. समजा, तीनशे प्रती प्रत्येकी अठरा रुपयांना पडल्या, म्हणजे खर्च ५,४०० रुपये झाला, आणि त्यांपैकी तीस मुले नियमित वाचक झाली, तर एक वाचक १८० रुपयांना मिळाला. तो वाचक पुढील दोन वर्षांत किती वर्गणी देईल किंवा किती पुस्तके घेईल, याच्याशी ही रक्कम ताडून पाहावी. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या छापखान्याचा दर घालून हिशेब करावा.

परत आलेला वाचक ओळखता यावा यासाठी शेवटच्या पानावर एक मोकळी चौकट ठेवून तीत दुकानाचा किंवा वाचनालयाचा शिक्का मारावा. त्याखाली पुढच्या पुस्तकाचे नाव, किंमत, पत्ता आणि उघडण्याची वेळ छापावी. ‘ही प्रत दाखवल्यास पुढच्या पुस्तकावर दहा रुपये सूट’ असे लिहिले तर परत येण्यास निमित्त मिळते आणि मोजणीही आपोआप होते. मुलांचे नाव व दूरध्वनी क्रमांक टिपून घेण्याचा मोह मात्र टाळावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी भेटीच्या मोबदल्यात मुलाकडून काही काढून घेणे मला योग्य वाटत नाही.

दिवस आणि जागा

मे महिन्याचा पहिला शनिवार हा ‘फ्री कॉमिक बुक डे’चा अमेरिकेतील प्रघात आपल्याकडे अंशतः सोयीचा आहे. १ मेची महाराष्ट्र दिनाची सुट्टी त्याच्या आसपासच येते आणि मुले मोकळी असतात. परंतु शाळा बंद असतात, आणि शहरातील कित्येक मुले आजोळी गेलेली असतात. याचा अर्थ असा, की शहरातील दुकानाला हा दिवस गैरसोयीचा पडेल, तर गावच्या वाचनालयाला तो अतिशय चांगला जाईल, कारण सुट्टीला आलेली पाहुणी मुलेही तेथे असतात. शाळांच्या मदतीने काम करायचे असेल तर १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन निवडावा. शिक्षक त्या दिवसांसाठी काही उपक्रम शोधतच असतात. फक्त शाळेत वाटप केले तर दुकान किंवा वाचनालय शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावे. दोन बस बदलून कोणीही दुसरी प्रत घ्यायला येत नाही.

टेबल दाराबाहेर न ठेवता आत, बालविभागाच्या कपाटालगत ठेवावे, म्हणजे मुलाला आत येऊन कपाटे पाहावी लागतात. प्रतींचा गठ्ठा न ठेवता दोन-तीन वेगवेगळी कॉमिक्स पसरून मांडावीत आणि मुलाला त्यांतून एक स्वतः निवडू द्यावे, कारण स्वतः निवडलेली प्रत मूल वाचते आणि हातात कोंबलेली प्रत रिक्षात विसरते. टेबलाशी एक जाणता माणूस बसवावा. त्याने मुलाला काय वाचायला आवडते ते विचारावे, प्रत देताना पुढील भाग कपाटात कोठे आहेत ते बोटाने दाखवावे, आणि तेवढ्यावर थांबावे. चित्रकार स्वतः येऊ शकत असेल, तर कव्हरच्या आतल्या बाजूला मुलाच्या नावासह एक छोटे चित्र काढून देण्याइतके प्रभावी दुसरे काही नाही; ती प्रत रद्दीत जात नाही.

पालकांशीही बोलावे. कॉमिक वाचणे म्हणजे अभ्यास टाळणे, असे मानणारे पालक अजूनही भेटतात. त्यांच्यापैकी बरेच जण, किंवा त्यांचे आईवडील, १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे वाचक असतात. वेताळ आणि मँड्रेक यांचे नाव काढले, की त्यांचा चेहरा बदलतो आणि मग ते स्वतःच मुलाला कपाटापाशी घेऊन जातात. आमच्याकडे एक आजोबा नातवासाठी आले आणि स्वतः सदस्य होऊन गेले.

मोफत डिजिटल प्रत देणेही शक्य आहे. मार्च २०२० मध्ये अमर चित्र कथा आणि टिंकल यांनी आपला डिजिटल संग्रह काही काळ मोफत खुला केला होता. परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचायचे असेल तर हाच मार्ग परवडतो. तथापि, व्हॉट्सअॅपवर पुढे जाणाऱ्या पीडीएफला दुकानाचा शिक्का नसतो, म्हणून पुढचे पुस्तक कोठे मिळेल हे तिच्या पहिल्या आणि शेवटच्या, दोन्ही पानांवर लिहावे.

उरलेल्या प्रती

उरलेल्या प्रतींच्या बाबतीत हलगर्जीपणा करू नये. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील रोम या गावी २००४ च्या हॅलोविन या सणाच्या सुमारास एका दुकानदाराने उरलेली मोफत कॉमिक्स येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटली. त्यांत नग्न चित्र असलेला एक अंक होता आणि तो एका लहान मुलाच्या हाती गेला. त्यावरून उभा राहिलेला खटला २००८ पर्यंत चालला आणि अखेर रद्द झाला. तोवर त्या दुकानदाराला सुमारे साडेतीन वर्षे कोर्टकचेरीत काढावी लागली. वाटपापूर्वी आणि वाटपानंतर प्रत्येक शीर्षक पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचावे, वयोगटानुसार वेगळे गठ्ठे बांधावेत आणि त्यांवर ठळक चिठ्ठी लावावी. मुलांसाठी योग्य ठरलेल्या प्रतींवर शिक्का मारून त्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात, केस कापण्याच्या दुकानात आणि एस.टी. स्थानकाच्या चौकशी खिडकीपाशी परवानगी घेऊन ठेवाव्यात. तेथे मुलांना वाट पाहत बसावे लागते आणि एकच प्रत महिनाभर कित्येक हातांतून फिरते. दर पंधरा दिवसांनी तेथे जाऊन फाटलेल्या प्रती बदलाव्यात आणि कोणती प्रत सर्वाधिक मळली आहे ते पाहून पुढच्या वर्षीची निवड तिच्यावरून करावी.