एअर पिस्तुलाचे छर्रे निवडायचे कसे आणि भरायचे कसे

नवरात्रात नाशिकच्या कालिकेच्या यात्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सगळ्यांनीच धरलीय. स्टॉलवाला देईल तो छर्रा कोंबायचा आणि उडवायचा, फुगा फुटला तर फुटला. माझी भाची शूटिंग रेंजवर आली तीच सवय घेऊन, "मामा, छर्रा तो छर्रा, त्यात काय बघायचं?" बघायचं असतं बाई, म्हणून हे लिहितोय.

आधी एक क्लिअर करतो. 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं ब्रॉन्झ आणलं तो प्रकार 50 मीटर रायफल थ्री पोझिशन, तिथे .22 ची काडतुसं लागतात. मी बोलतोय ते 10 मीटर एअरबद्दल, 4.5 एमएमचा शिशाचा छर्रा, बारूद नाही, फक्त हवा.

आकार सपाट तोंडाचाच घ्यायचा, ज्याला वॅडकटर म्हणतात. टोकदार छर्रा दिसायला भारी, पण कागद फाडत जातो, सपाट तोंडाचा पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडतो आणि मग स्कोअरवरून भांडण होत नाही. पिस्तुलाच्या टार्गेटवरची दहा गुणांची रिंग 11.5 एमएमची, रायफलची तर फक्त अर्ध्या एमएमचा ठिपका, तिथे फाटक्या भोकाचं काय मोजणार. आणि स्टीलचे गोल छर्रे स्वस्त मिळतात म्हणून मॅच पिस्तुलात अजिबात घालू नका, नळीच्या आतल्या आट्यांची वाट लागते.

वजनाचं म्हणाल तर पिस्तुलाला साधारण 7 ग्रेनच्या आसपासचा हलका छर्रा आणि रायफलला 8.2 ग्रेनवाला चालतो, सुरुवात तिथून करा. खरी गोम हेड साइजमध्ये, म्हणजे छर्र्याच्या तोंडाच्या व्यासात आहे. डबीवर 4.49, 4.50 असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि कुठला चांगला ते मी नाही सांगू शकत, दुकानदार तर नाहीच नाही, ते तुमची नळी सांगते. मित्राच्या पिस्तुलात मस्त चालणारा महागडा छर्रा माझ्यात पसरायचा, आणि मी मात्र त्याचं बघून 500 छर्र्यांच्या 4 डब्या उचलून बसलेलो!

म्हणून टेस्ट करा. वेगवेगळ्या साइजची एकेक डबी आणा नाहीतर रेंजवरच्या मित्रांकडून 20-20 छर्रे मागून घ्या, पिस्तूल वाळूच्या पिशवीवर नीट टेकवा आणि प्रत्येक साइजचे 10 शॉट वेगळ्या कागदावर मारा. छर्रा बदलला की पहिले 5-6 शॉट मोजू नका, नळीला सेट व्हायला तेवढे लागतात. मग सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर व्हर्नियरने (बारीक माप घ्यायचं कॅलिपर) मोजा आणि त्यातून 4.5 वजा करा, तो तुमचा ग्रुप. (व्हर्नियर नाही असं नाशकात कोणी सांगू नये, सातपूर नाहीतर अंबडच्या कंपनीत कामाला असलेला एक तरी काका प्रत्येक घरात असतोच.) ज्याचा ग्रुप लहान तो आपला, मग त्याच लॉट नंबरच्या डब्या घेऊन ठेवा. कोरड्या जागी ठेवा, पावसाळ्यात ओल लागली की शिशावर पांढरी पावडर धरते.

आता भरणं. नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर. छर्रे डबीतून ट्रेमध्ये हळूच ओता, डबी खुळखुळा केलात तर मागचा पातळ घेर, म्हणजे स्कर्ट, दबतो, आणि दबलेला छर्रा सरळ बाजूला टाकायचा, जीव अडकवायचा नाही. लिव्हर उघडा, सपाट तोंड पुढे आणि पोकळ बाजू मागे ठेवून छर्रा ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात बसवा, बोटाच्या पेराने हलकं दाबा म्हणजे कडेला समतल होतो. बाहेर राहिला तर लिव्हर बंद होताना चिरडतो. छर्रा भरला की नाही ही शंका आली तर वर दुसरा भरायचा नाही, टार्गेटवर एक शॉट मारून मोकळं व्हा, दोन अडकले की रॉडने ढकलत बसावं लागतं.

ज्यांच्याकडे नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली एअरगन आहे त्यांनी भरताना नळी एका हाताने घट्ट धरून ठेवायची, ती सटकून मिटली तर बोट गेलंच समजा. अन् तिचा रिकामा शॉट मारू नका, पिस्टन जाऊन आपटतो. हवेच्या सिलिंडरवर चालणारं पिस्तूल असलेल्यांनी गेज बघा, त्यावर लिहिलंय त्याच्या वर प्रेशर भरू नका, बहुतेक 200 बार असतं, आणि एक्सपायरीची तारीखपण बघा.

छर्रे तोंडात धरायची सवय असेल तर आजच सोडा, शिसं आहे ते. सेशन झालं की नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी), आणि साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. भाचीला हे आता पाठ झालंय, उलट मीच विसरलो की ती माझा वडापाव ओढून घेते.