इलेक्ट्रिक कारमध्ये स्पीड सेन्सरचा कोड आल्यास दोष कसा शोधावा

एबीएसचा (ब्रेक लावताना चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा विझेनासा झाला, ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी पूर्वीसारखी मंदावेनाशी झाली आणि बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर सी००३५ हा कोड दिसला, की बहुतेक गॅरेजांत थेट सेन्सर बदलला जातो. हा कोड मात्र पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे, एवढेच सांगतो. त्या सर्किटमध्ये वायर आणि कनेक्टरही येतात. चाक घसरते आहे का, हे कळेनासे झाल्यामुळे अनेक गाड्या खबरदारी म्हणून रीजनरेटिव्ह ब्रेकिंग (मोटरच्या मदतीने गाडी मंदावून बॅटरी चार्ज करणे) कमी किंवा बंद करतात.

प्रथम एबीएसचे कोड वाचू शकणाऱ्या स्कॅनरने सर्व कोड वाचून लिहून ठेवावेत आणि मगच पुसावेत. सी००४० पुढच्या उजव्या, सी००४५ मागच्या डाव्या आणि सी००५० मागच्या उजव्या चाकाचा असतो. डावे-उजवे चालकाच्या आसनावरून पुढे पाहून ठरवावे. अमेरिकी व्हिडिओंतली ‘चालकाची बाजू’ आपल्याकडे उलट पडते. पी०ए३एफ हा कोड मात्र मोटरच्या पोझिशन सेन्सरचा असून ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच द्यावे. उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. एकाच वेळी असंबद्ध कोडची रांग लागली असेल, तर आधी १२ व्होल्टची बॅटरी तपासावी. पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर गाडी सावकाश चालवावी आणि शेजारी बसलेल्या व्यक्तीने स्कॅनरवर चारही चाकांचे वेग पाहावेत. एक आकडा शून्यावरच राहत असेल, तर वायर तुटलेली, कनेक्टर निघालेला किंवा सेन्सर निकामी असण्याची शक्यता अधिक. आकडा मधूनच गळत असेल किंवा स्टिअरिंग वळवल्यावरच जात असेल, तर चुंबकीय रिंग (चाकाबरोबर फिरणारी, जिच्यावरून सेन्सर वेग ओळखतो) किंवा वाकणारी वायर संशयास्पद ठरते. या एका चाचणीने पुढचा बराच खर्च वाचतो.

आता गाडी बंद करून, इतर चाकांना उटी (पाचर) लावून, जॅकबरोबर स्टँडचा आधार देऊन ते चाक काढावे. कनेक्टरमध्ये पाणी किंवा हिरवट गंज, उंदरांनी कुरतडलेली वायर आणि सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस पाहावा. अनेक गाड्यांत चुंबकीय रिंग बेअरिंगच्या सीलमध्येच असते, त्यामुळे नुकतेच बेअरिंग बदलले असेल तर ते उलटे बसले नाही ना, हे अवश्य तपासावे. तसे झाल्यास नवा सेन्सरही काही दाखवणार नाही.

आजचे बहुतेक सेन्सर दोन तारांचे, ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या प्रकारचे असतात. त्यांचा रोध ओहममीटरने मोजू नये, कारण त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. त्याऐवजी कनेक्टर सोडवून, गाडी ‘रेडी’ (चालण्यास सज्ज) न करता केवळ इग्निशन चालू ठेवून, गाडीच्या बाजूच्या दोन टोकांमधला पुरवठा मोजावा. तो साधारणपणे बॅटरीच्या व्होल्टेजजवळ असतो. काही गाड्यांत कनेक्टर सुटल्याचे कळताच एबीएसचे मोड्यूल (नियंत्रक) पुरवठा तोडते, म्हणून इग्निशन पुन्हा चालू करताच मोजमाप घ्यावे. तरीही पुरवठा नसल्यास दोष वायरिंग किंवा मोड्यूलकडे आहे. पुरवठा असेल आणि दोन्ही बाजूंचे सेन्सर एकाच पार्ट क्रमांकाचे असतील, तर त्यांची अदलाबदल करून पाहावी: कोड दुसऱ्या चाकाकडे गेला, तरच नवा सेन्सर विकत घ्यावा. दुरुस्तीनंतर कोड पुसला तरी काही गाड्यांत थोडे अंतर चालवल्यावरच दिवा विझतो.